लाखाचा संसार, एकोणीस हजार माणसं : अमेरिकेतली ग्रामीण काउंटी म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक झाली की रात्रभर टीव्हीवर एक नकाशा दिसत राहतो. लाल-निळ्या रंगाचे शेकडो लहान लहान तुकडे, आणि निवेदक सांगत असतो की अमुक काउंटीची मोजणी संपली, तमुक काउंटीची बाकी आहे. न्यू जर्सीत राहणारा भाचा फोनवर सहज म्हणून जातो, "आम्ही मिडलसेक्स काउंटीत राहतो." आपण 'हो का' म्हणतो आणि मनातल्या मनात 'जिल्हा' असं भाषांतर करून टाकतो.

एवढ्यानं काम भागत नाही. भाच्याच्या मिडलसेक्समध्ये आठ लाखांवर लोक राहतात, आणि तिथली काउंटी रोजच्या जगण्यात फारशी जाणवतही नाही. पण त्या नकाशावरचे बहुतेक तुकडे ग्रामीण आहेत. तिथे काउंटी म्हणजे कोर्टकचेरी, पोलीस, जमिनीचे कागद, शाळा, नळाचं पाणी, सगळंच. अशी एक काउंटी नीट पाहिली की बाकीच्या समजायला सोप्या जातात. मी निवडली आहे वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाची मॅकडॉवेल काउंटी. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे मोठा पूर आला, तेव्हा तिचं नाव चार दिवस बातम्यांत होतं. नंतर पुन्हा विसरलं गेलं, नेहमीप्रमाणे.

काउंटीला 'जिल्हा' म्हणावं का?

म्हणायला हरकत नाही, पण दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली आकाराची. अमेरिकेत सुमारे ३,१०० काउंट्या आहेत. मॅकडॉवेलचं क्षेत्रफळ साधारण १,३८५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढं. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या होती १९,१११. आपल्याकडे एवढ्या वस्तीची गावं सापडतात आणि त्यांचा कारभार ग्रामपंचायत बघते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची : इथे कलेक्टर नाही. वरून नेमलेला, तीन वर्षांनी बदली होणारा साहेब हा प्रकारच नाही. वेस्ट व्हर्जिनियात काउंटीचा कारभार बहुधा तीन कमिशनर पाहतात, आणि ते लोकांनी सहा वर्षांसाठी निवडून दिलेले असतात. सरकारी वकील निवडून येतो. मालमत्तेची किंमत ठरवणारा असेसर निवडून येतो. खरेदीखतं, जन्म आणि लग्नं यांची दप्तरं सांभाळणारा कारकूनही निवडून येतो. आणि शेरीफ, ज्याला आपण सिनेमात घोड्यावर पाहिलेलं असतं, तोही निवडणूक लढवूनच येतो. वेस्ट व्हर्जिनियात तर शेरीफ काउंटीचा खजिनदारही असतो. घरपट्टीचं बिल त्याच्याच कार्यालयाकडून येतं. फौजदार आणि तलाठी एकाच खुर्चीत बसले आहेत असं समजा, आणि त्या खुर्चीसाठी दर चार वर्षांनी मतदान.

याचा फायदा उघड आहे, माणूस ओळखीचा असतो. तोटा असा की वरून धावून येणारं कुणी ठरलेलं नाही. काउंटीच्या तिजोरीत पैसे नसले तर ती अडचण आधी काउंटीचीच.

शहर, गाव आणि नुसतं नाव

मॅकडॉवेलमध्ये दहा ठिकाणांना स्वतःची नगरपालिका आहे. वेल्श हे काउंटीचं मुख्यालय, तिथेच कोर्ट. मग गॅरी, वॉर आणि कीस्टोन ही कागदोपत्री 'शहरं'. त्याखाली किंबल, नॉर्थफोर्क, डेव्ही, ब्रॅडशॉ, आयेगर आणि ॲनावॉल्ट ही 'टाउन'. वेल्श सोडलं तर यातलं एकही ठिकाण आपल्याकडच्या मध्यम खेड्याहून मोठं नाही. तरी प्रत्येकाला महापौर आहे आणि नगरसभा आहे.

उरलेल्या वस्त्यांसाठी अमेरिकन कायद्यात 'अनइन्कॉर्पोरेटेड कम्युनिटी' असा शब्द आहे. म्हणजे स्वतःचं स्थानिक सरकार नसलेली वस्ती. नाव आहे, घरं आहेत, चर्च आहे, क्वचित पोस्टही आहे, पण पंचायत नाही. तिथल्या रस्त्यावर दिवा लागला नाही तर विचारायला सरपंच नाही, थेट काउंटी किंवा राज्य. कोलवूड ही अशीच वस्ती. तिथल्या खाण-सुपरिंटेंडंटचा मुलगा होमर हिकम पन्नासच्या दशकात मित्रांबरोबर घरगुती रॉकेटं उडवायचा, आणि पुढे नासात अभियंता झाला.

या वस्त्या नकाशावर माळेसारख्या दिसतात, त्याला कारण जमीन. ॲपलाशियन डोंगरांच्या अरुंद घळींमधून टग फोर्क नदी आणि एल्कहॉर्नसारखे ओढे वाहतात. सपाट जागा असते ती ओढ्याकाठचीच, आणि त्या चिंचोळ्या पट्टीतच रूळ, रस्ता आणि घरं दाटीवाटीनं बसवलेली. अशा घळीला तिथले लोक 'हॉलर' म्हणतात. ओळख विचारली तर शहराच्या आधी हॉलरचं नाव सांगतात, आपण वाडीचं सांगतो तसं. पाऊस जोराचा झाला की पाण्यालाही तीच पट्टी हवी असते. २००१, २००२ आणि २०२५ च्या पुरांत हेच झालं.

कोळसा, आणि कंपनीचं गाव

काउंटी स्थापन झाली १८५८ मध्ये. तेव्हा ती व्हर्जिनिया राज्यात होती. यादवी युद्धात, १८६३ साली, वेस्ट व्हर्जिनिया वेगळं राज्य झालं. पहिली काही दशकं इथे तुरळक शेती आणि शिकार यापलीकडे काही नव्हतं. मग १८८० च्या दशकाच्या अखेरीस नॉरफोक अँड वेस्टर्न कंपनीचे रूळ डोंगरात शिरले, कारण डोंगराच्या पोटात 'पोकाहोंटास' नावाचा कोळशाचा थर होता.

हा कोळसा साधा नव्हे. गंधक कमी, धूर कमी. शिवाय हवा न लागू देता बंद भट्टीत तापवला की त्याचा कडक, सच्छिद्र कोक बनतो. लोखंडाच्या भट्टीला हाच कोक लागतो. वीज कुठल्याही कोळशावर करता येते, पोलाद येत नाही. त्यामुळे अमेरिकेत पोलादाची मागणी वाढली की मॅकडॉवेलमध्ये माणसं वाढत. आकडेच बघा : १९०० मध्ये १८,७४७, १९२० मध्ये ६८,५७१, आणि १९५० मध्ये ९८,८८७.

एवढी माणसं राहणार कुठे? डोंगरात गाव नव्हतं, म्हणून कंपन्यांनी गाव बांधलं. अशा गावाला 'कोल कॅम्प' म्हणत. आपल्याकडे किर्लोस्करवाडी किंवा वालचंदनगर कारखान्याभोवती वसलं तसंच, पण इथे पकड फार घट्ट होती. गॅरी हे गाव यू. एस. स्टीलनं वसवलं आणि कंपनीच्या अध्यक्षाचं नाव त्याला दिलं. अशा गावांत घर कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा, दुकान कंपनीचं. पगाराआधी पैसे लागले तर कंपनी 'स्क्रिप' द्यायची, म्हणजे त्याच दुकानात चालणारी पत्र्याची नाणी. ऊसतोड मजुराची उचल ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे गणित सांगायला नको. काम सुरू होण्याआधीच हिशेब अंगावर चढलेला असतो.

या खाणींवर कोण आलं? अमेरिकेच्या दक्षिणेकडून शेतमजुरी सोडून आलेले काळे लोक, हंगेरीतून, इटलीतून, पोलंडमधून आलेले स्थलांतरित, आणि मूळचे डोंगरी गोरे. वेस्ट व्हर्जिनियात काळ्यांना मतदानाचा हक्क होता, शेजारच्या दक्षिणी राज्यांत तो जवळजवळ हिरावून घेतलेला होता. म्हणून मॅकडॉवेलमध्ये काळ्यांचं राजकीय वजन उभं राहिलं. कीस्टोनमधून त्यांचं 'मॅकडॉवेल टाइम्स' हे वर्तमानपत्र निघायचं. १९२८ मध्ये याच काउंटीच्या मिनी बकिंगहॅम हार्पर राज्याच्या विधानसभेत गेल्या, आणि त्या अमेरिकेतल्या पहिल्या काळ्या महिला आमदार. त्याच वर्षी किंबलमध्ये पहिल्या महायुद्धातल्या काळ्या सैनिकांचं स्मारक म्हणून एक भव्य इमारत उभी राहिली. ती आजही आहे. 'ग्रामीण अमेरिका म्हणजे गोरे शेतकरी' हे चित्र ज्यांच्या डोक्यात पक्कं आहे, त्यांनी किंबलचं हे स्मारक जरूर लक्षात ठेवावं.

संघर्षही झाला. १ ऑगस्ट १९२१ रोजी वेल्शच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर सिड हॅटफिल्ड यांना गोळ्या घालून मारलं. ते शेजारच्या मिंगो काउंटीतल्या मेटवान गावाचे पोलीस प्रमुख होते आणि खाणकामगारांच्या बाजूनं उभे राहिले होते. मारणारे लोक खाणमालकांसाठी काम करणाऱ्या खाजगी गुप्तहेर कंपनीचे. त्या पायऱ्यांवरच्या रक्तातून महिन्याभरात ब्लेअर माउंटन या डोंगरावर खाणकामगारांचा मोठा सशस्त्र उठाव झाला.

मग माणसं गेली कुठे?

कोळसा संपला म्हणून गेली, असं बहुतेकांना वाटतं. कोळसा अजूनही निघतो. गेली ती कामं.

१९५० मध्ये खाणकामगार संघटनेचे नेते जॉन एल. लुईस आणि खाणमालक यांच्यात करार झाला. संघटनेनं यंत्रं येऊ द्यायची, मालकांनी त्या बदल्यात चांगला पगार, दवाखाना आणि पेन्शनचा निधी द्यायचा. ज्यांची नोकरी टिकली त्यांचं भलं झालं. पण कोळशाची भिंत सलग खरवडत जाणारं यंत्र आलं, आणि टोळ्यांचं काम मूठभर माणसांवर आलं. दहाच वर्षांत काउंटीतले २७ हजारांहून जास्त लोक कमी झाले. उरलेला घाव १९८० च्या दशकात बसला. अमेरिकन पोलाद उद्योग कोसळला आणि यू. एस. स्टीलनं गॅरीच्या खाणी बंद केल्या. १९८० ते १९९० या दहा वर्षांत लोकसंख्या ४९,८९९ वरून ३५,२३३ वर आली.

२०२० मध्ये ती १९,१११ होती, म्हणजे जवळपास १९०० साली होती तेवढीच. यात काउंटीतल्या तुरुंगांमधले कैदीही धरलेले आहेत, कारण अमेरिकेची जनगणना कैद्याला तुरुंग जिथे आहे तिथलाच रहिवासी मानते.

वाड्याची शाकारणी

या विषयातली खरी गाठ इथे आहे. १९०० साली १८ हजार लोक होते तेव्हा त्यांच्या डोक्यावर एक लाख लोकांचा संसार नव्हता. आजच्या १९ हजारांच्या डोक्यावर तो आहे.

कोकणातला मोठा वाडा डोळ्यांसमोर आणा. पाच भावांनी बांधलेला. चौघे मुंबईला गेले, मागे एक भाऊ राहिला. दरवर्षी कौलं मात्र पाच जणांच्या वाड्याची शाकारायची. एका माणसापुरतं छप्पर शाकारून बाकीचं गळतं ठेवलं तर भागत नाही. पाणी एका कोपऱ्यातून शिरलं की भिंत सगळ्या घराची पडते.

कंपन्यांनी गावं बांधली तेव्हा पाण्याच्या टाक्या आणि नळही घातले. कंपनी गेली, नळ राहिले. गंजलेले, कुठून कुठे जातात याचा धड नकाशाही नसलेले. पुढे काउंटीच्या सार्वजनिक पाणी मंडळानं एकेक जुनी योजना ताब्यात घेऊन दुरुस्त करायला घेतली, पण दहा मैलांच्या पाइपलाइनचा खर्च मोजक्या घरांच्या बिलांतून निघत नाही. म्हणून आजही कित्येक लोक रस्त्याकडेला डोंगराच्या कातळातून काढलेल्या पाइपाखाली गाडी थांबवतात, मागच्या सीटवरचे प्लास्टिकचे कॅन भरतात आणि पिण्याचं पाणी घरी नेतात. श्रीमंत देशातलं हे दृश्य पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो. टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते ती जागा मला माहीत आहे. तसंच दुसरं गाव अमेरिकेत असेल असं मी कधी मानलं नव्हतं. सांडपाण्याचं तर विचारूच नका. अनेक घरांचं ते थेट ओढ्यात जातं.

शाळांचं तेच. नॉर्थफोर्कच्या हायस्कूलनं १९७४ पासून १९८१ पर्यंत सलग आठ वर्षं राज्याची बास्केटबॉल स्पर्धा जिंकली. १९८५ मध्ये मुलं पुरेशी नाहीत म्हणून ती शाळा दुसरीत विलीन झाली. आता सबंध काउंटीत दोन हायस्कुलं आहेत. २००१ ते २०१३ शाळांचा कारभार राज्यानंच हातात घेतला होता. शिक्षक मिळतात, पण त्यांना राहायला धड घर मिळत नाही, म्हणून ते टिकत नाहीत. शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेनं २०१२ च्या सुमारास पुढाकार घेतला आणि वेल्शमध्ये शिक्षकांसाठी सदनिका उभारण्याचं काम हाती घेतलं.

"काउंटीनं कर वाढवावा की!"

पहिली शंका हीच येते. दोन अडथळे आहेत. एक, वेस्ट व्हर्जिनियाच्या राज्यघटनेत १९३२ मध्ये दुरुस्ती झाली आणि मालमत्ता कराला कमाल मर्यादा घातली गेली. काउंटीच्या हातात फार थोडी मोकळीक आहे.

दुसरा अडथळा जमिनीच्या मालकीचा. अमेरिकेत जमिनीचा वरचा भाग एकाचा आणि खालचं खनिज दुसऱ्याचं असू शकतं. सातबारा तुमच्या नावावर, पण विहिरीखालचा कोळसा शहरातल्या कंपनीच्या नावावर, असं. शंभरेक वर्षांपूर्वी डोंगरातल्या अनेक कुटुंबांनी हे हक्क कवडीमोलानं विकले. रेल्वेशी जोडलेल्या पोकाहोंटास लँड कंपनीसारख्या मोठ्या मालकांकडे इथली प्रचंड जमीन आणि खनिज गेलं. कोळसा निघतो तो काउंटीच्या पोटातून, भाडं जातं बाहेर. राज्य खनिजावर कर घेतं, त्यातला छोटासा हिस्सा काउंटीकडे परत येतो. पण तोही कोळशाच्या भावाबरोबर वरखाली होतो. एका वर्षी बरा, पुढच्या वर्षी निम्मा. असल्या उत्पन्नावर तीस वर्षांची पाणीयोजना कोण आखणार?

"केंद्र सरकार काहीच देत नाही का?"

देतं, आणि आजच्या अन्नमदत योजनेची सुरुवातच इथे झाली. जॉन केनेडी १९६० मध्ये प्रचारासाठी या भागात फिरले आणि उपाशी मुलं पाहून हादरले. अध्यक्ष होताच त्यांनी फूड स्टॅम्पचा, म्हणजे अन्नाच्या कुपनांचा, प्रयोग सुरू केला. या प्रयोगातली पहिली कुपनं २९ मे १९६१ रोजी वेल्शमध्ये दिली गेली. बेकार खाणकामगार आणि त्याची बायको, घरात पंधरा माणसं, हातात ९५ डॉलरची कुपनं. त्यांनी दुकानातून पहिली वस्तू उचलली ती डुकराचं मांस घातलेल्या घेवड्याच्या बियांचा डबा.

साठ वर्षांनंतरही काउंटीतली खूप कुटुंबं त्याच योजनेवर जगतात. मदतीनं माणूस जगवला, हे खरं आणि मोठं आहे. पण कुपन खर्च करायला दुकान लागतं. वॉलमार्टचं किंबलजवळचं मोठं दुकान २०१६ च्या जानेवारीत बंद झालं, तेव्हा नोकऱ्या गेल्याच, शिवाय ताजी भाजी घ्यायला डोंगर ओलांडून जाणं आलं.

तब्येतीवर हे सगळं उमटतं. खाणीतल्या धुळीनं फुप्फुसं काळी पडण्याचा आजार, दुखापतींवर दिलेल्या अफूजन्य गोळ्यांचं व्यसन, दवाखान्याचं अंतर. २०१० च्या सुमारास इथल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान ६४ वर्षांच्या आसपास होतं. वॉशिंग्टनच्या श्रीमंत उपनगरांत ते ऐंशीच्या पुढे होतं.

"मग लोक निघून का जात नाहीत?"

पाचातले चार गेलेच आहेत. उरलेल्यांना हा प्रश्न विचारणं मला बरं वाटत नाही, तरी उत्तर देतो. घर स्वतःचं आहे, पण ते विकून शहरात एका खोलीची अनामत रक्कमही सुटत नाही. म्हातारी आई हॉलरमध्ये आहे. पेन्शन इथे पुरते, तिथे पुरणार नाही. आणि माणसांचा आपल्या मातीवर जीव असतो. तो गरिबाचा असला म्हणून अडाणीपणा ठरत नाही.

काही नवं घडतंही आहे. हॅटफिल्ड-मॅकॉय नावाच्या डोंगरी वाटांचं जाळं राज्यानं उभारलं आणि चार चाकांच्या मोटारबाइक घेऊन पर्यटक येऊ लागले. वॉर आणि गॅरीच्या रस्त्यांवर या गाड्या चालवायला परवानगी आहे, रिकाम्या घरांत मुक्कामाची सोय झाली आहे. यानं शंभर खाणी भरून निघणार नाहीत. पण ज्या घराची कौलं पडायला आली होती तिथे शनिवारी दिवा लागतो.

राजकारणाचंही इथेच सांगतो. २००८ मध्ये ही काउंटी ओबामांनी जिंकली. २०१२ पासून रिपब्लिकन जिंकतात, २०१६ मध्ये ट्रम्प यांना तीन-चतुर्थांशाच्या आसपास मतं पडली. लोक एका रात्रीत बदलले असं समजणं चूक होईल. कोळशावरची कामं परत आणू, असं कोण म्हणतंय, इकडे त्यांचं लक्ष होतं.

"इतकी छोटी काउंटी बंदच का करत नाहीत?"

शेजारच्या काउंटीत विलीन करा, असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. आपल्याकडे शासन निर्णय काढून तालुका तोडता-जोडता येतो. तिथे काउंटीची हद्द बदलायची तर मतदारांना विचारावं लागतं, आणि शेजारच्या काउंट्यांची तिजोरीही भरलेली नाही. शिवाय विलीन केलं तरी पाइपलाइन तेवढीच लांब राहते, ओढे तेवढेच राहतात. फक्त कोर्ट आणखी एक डोंगर पलीकडे जातं, आणि खरेदीखताची नक्कल काढायला म्हाताऱ्या माणसाला निम्मा दिवस घालवावा लागतो.

वेल्शमधून जाणारी गाडी

आपल्याशी याचा धागा आहे तो कोकिंग कोळशाचा. भारतात या जातीचा चांगला कोळसा कमी. म्हणून आपले पोलाद कारखाने, रायगड जिल्ह्यातल्या डोलवीच्या कारखान्यासकट, तो परदेशातून आणतात. मोठा वाटा ऑस्ट्रेलियाचा, पण अमेरिकेचाही आहे, आणि अलीकडच्या वर्षांत अमेरिकन कोळशाच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांत भारत आहे. पोकाहोंटास थराच्या पट्ट्यातला कोळसा रेल्वेनं व्हर्जिनियाच्या नॉरफोक बंदरात जातो आणि तिथल्या लॅम्बर्ट्स पॉइंट धक्क्यावर जहाजात भरला जातो.

त्या मालगाड्या आजही वेल्शमधून, ओढ्याच्या कडेनं, घरांच्या अगदी परसातून जातात. लांबलचक, एकामागून एक काळे डबे. प्रवाशांची गाडी मात्र इथे आता एकही थांबत नाही.